ओटीचा भार

सुभद्रा सिस्टरने मला सगळं माझ्या नवऱ्याच्या, देवमनच्या देखत सांगितलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर तो म्हणाला, मले काहीच आठवत नाई. सोसायटीच्या निवडणुकीत दहा वर्षांपूर्वी कोण कोणाला काय म्हणालं ते ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्या डोक्यात माझ्या पोटाच्या चार गोष्टी राहिल्या नाहीत.

माझी गर्भपिशवी काढली. अकोल्याच्या दवाखान्यात, दिवाळीनंतर, बोंडअळीच्या साली. घरी सोडलं त्या दिवशी सिस्टरने पलंगावर बसून समजावलं. त्या मोर्शीकडच्या, बोलणं आमच्यासारखंच. "शालूबाई, वरचे टाके दिसतात, आतले दिसत नाईत. दिसत नाईत म्हनून ते नाईत असं समजू नोका. सहा हप्ते भरल्या तांब्याहून जड काही उचलाचं नाई. पन पडूनबी राहाचं नाई. रोज चालाचं. आज जेवढं चाललं त्याच्याहून उद्या थोडकंच जास्त. रात्री ठनकलं तं दुसऱ्या दिवशी कमी करा." मग देवमनकडे वळून म्हणाल्या, "आयकलं ना, दादा?" दादांनी मान हलवली. त्याची मान चांगली हलते.

पोरगी दीपमाला अमरावतीहून आली, आठ दिवस राहिली, परीक्षा होती म्हणून परत गेली. त्यानंतर घरात मी, देवमन आणि माझी सासू पार्बताबाई.

आमच्या दारापासून विहारापर्यंत विजेचे बारा खांब आहेत. मी खांबांवर हिशेब बसवला. पहिला आठवडा घरातल्या घरात, भिंतीला हात लावून, पलंगापासून न्हाणीपर्यंत. नवव्या दिवशी पहिला खांब. त्याला हात लावला आणि परत आले. एवढ्या चालण्याने घाम फुटला, पण इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही. सांगणार कोणाला? दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खांब, कारण रात्री ओढ बसली होती. मग दोन. मग तीन. एकदा हौसेने पाच केले आणि रात्रभर पोट धरून बसले. दुसऱ्या दिवशी निमूट तीनवर आले. बिघडलं तर एक पाऊल मागं यायचं, ही अक्कल मला बेचाळिसाव्या वर्षी आली. विसाव्या दिवशी मी आठव्या खांबाला हात लावला. बारावा केला की विहाराच्या पायरीवर जाऊन बसायचं आणि पुढं काय ते मग बघायचं, असं मी ठरवलं होतं. तोवर कोणासाठी काही उचलायचं नाही.

पण लोकांना माझं चालणं तेवढं दिसायचं. मी तांब्या खाली ठेवते ते कोणी बघत नव्हतं. पार्बताबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सून गाव फिरते, पन गुंडभर पानी आनत नाई." मी आत ऐकत होते. एकदा बाहेर येऊन म्हटलं, "आत्याबाई, चालाले सांगतलं हाय डॉक्टरनं. उचलाले नाई सांगतलं."

"मले चौघं झाले," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना कोनी बसू देल्लं? बाराव्या दिवशी वावरात होती मी."

"म्हनून तं कमरेत वाकल्या ना!"

हे मी बोलायला नको होतं. पण खोटंही नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी केलेल्या पोळ्या जळक्या निघाल्या.

त्या वर्षी गुलाबी अळीने निम्मी बोंडं आतून खाल्ली होती. बाहेरून हिरवंगार बोंड, फोडलं तर किडकं. जी फुटली होती ती तरी वेळेवर वेचून घरात आली पाहिजेत, म्हणून अख्खं गाव एकाच वेळी वावरात उतरलं. मजूर बाई मिळेना. आमचं तीन एकर पांढरं होऊन उभं होतं, वर आभाळ येऊन-जाऊन होतं. हे सगळं मलाही दिसत होतं. मी काही पाटलीण नाही. वयाच्या नवव्या वर्षापासून वेचते आहे.

देवमन स्वतः वेचायला का जात नव्हता? विचारा. गावात कोणालाही विचारा, तुमच्याकडेच बघून हसतील. आमच्याकडे वेचणी बायकांची. पुरुष फवारतो, गाठोडी बांधतो, बैलबंडीत टाकतो, बाजारात नेतो आणि भाव पडला म्हणून पानठेल्यावर शिव्या देतो. कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून झाडांच्या तासात, ओळीत वाकलेला पुरुष आमच्या गावाने पाहिलेला नाही. कापूस झाडावर पिवळा पडला तरी चालेल, पण पुरुषाच्या पोटावर ओटी चालत नाही.

तीन आठवड्यांनी दाखवायला बोलावलं होतं. डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या, वयाने लहान, हाताने हलक्या. मला टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं, म्हणाल्या, "छान भरतंय. चालता ना रोज?"

"आठ खांब," मी म्हटलं.

त्यांना खांब कळले नाहीत, पण हसल्या. "घरी जड काही उचलत नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत देवमन बोलला. "नाई मॅडम, बिलकुल नाई. आता फक्त जराशीक कापूस वेचाचा हाय, तेवढं चालन ना?"

"कापूस?" मॅडम कागदावर लिहीत होत्या. "कापूस काय, हलकाच असतो. थोडं थोडं करा. वाकू नका फार."

झालं. एवढंच. मान वर न करता.

आणि मी गप्प राहिले. त्या दिवशीचा खरा राग मला त्या गप्प राहण्याचा आहे. टेबलावर उघडं पोट घेऊन पडलेल्या बाईला बोलणं सुचत नाही, हे एक. पण दुसरं असं की, त्या क्षणी मलाही ते पटलं. आमच्याकडे भार म्हणजे डोक्यावरचा. पाण्याचा गुंड, सरपण, कापसाचं गाठोडं. ज्याला दोन माणसं हात लावून चढवून देतात ते वजन. ओटीतला कापूस कोणी चढवून देत नाही. तो बोंडाबोंडाने, चिमटी-चिमटीने वाढतो, म्हणून त्याला वजन म्हणायची रीतच नाही. तेहेतीस वर्षं वेचलं, ओटीत किती भार असतो असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मॅडम चुकल्या ते समजू शकते. त्यांनी कापूस बघितला तो कापसाच्या गुंडाळीत, जखमेवर लावायचा. मी काय बघितलं होतं?

एसटीत देवमन खुशीत होता. घरी शिरताच आईला म्हणाला, "डॉक्टरनंच सांगतलं, वेचाले जाऊ द्या म्हनून."

"थोडं थोडं म्हटलं त्याईनं," मी म्हटलं.

"मंग थोडंच वेच ना. कोन म्हंते सारं वावर वेच?"

पार्बताबाई म्हणाल्या, "आठ खांब चालता येते तं दोन तास वेचता काहून नाई येत?"

तेविसाव्या दिवशी मी वावरात गेले. जुन्या लुगड्याचं फडकं कमरेला मागं गाठ मारून बांधलं, पुढची टोकं वर खोचली, पोटावर झोळी झाली. बरोबर टाक्यांवर. गाठ थोडी वर घेतली तर वाकता येईना, खाली घेतली तर आवळेना. शेवटी जिथं रोज असते तिथंच ठेवली. सकाळी दवाने कापूस ओला होता. ठरवलं होतं, ओंजळभर झाला की धुऱ्यावर, वावराच्या बांधावर नेऊन रिकामा करायचा. पहिल्यांदा नेला. दुसऱ्यांदाही नेला. मग हात लागला. हात लागला की बाई राहत नाही, तासाची ओळ संपल्याशिवाय मागं फिरत नाही. दोन्ही हातांनी बोंडं निघत होती, किडकं टाकत होते, चांगलं ओटीत. पोट खाली ओढलं जात होतं ते कळत होतं, पण ती ओढ जन्माची ओळखीची. तासाच्या टोकाला सरळ उभी राहायला गेले आणि आत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. गरम लागलं. हात घातला तर लुगडं ओलं, आणि ते दव नव्हतं.

मी तिथंच खाली बसले. ओटी सोडली. देवमन धुऱ्यावर गाठोडं बांधत होता, हाक मारली तर म्हणाला, "आलो, गाठ मारून येतो." मग लाल हात वर करून दाखवला. तेव्हा पळत आला.

गावातल्या हुसेनभाईंची मालाची ऑटो वावराच्या रस्त्याने चालली होती, ती थांबवली. चढताना मी देवमनला म्हटलं, "ओटी घ्या संगं."

"काहून?"

"घ्या म्हटलं ना! जशी हाय तशी. एक बोंड सांडू देऊ नोका."

त्याला वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण घेतली.

दवाखान्यात मॅडमनी पट्टी काढली. वरचे टाके तीन बोटं उकलले होते, आत पाणी साठून फुटलं होतं. आतला थर शाबूत आहे म्हणाल्या, नशीब. त्यांनी जखम धुतली तेव्हा मी पलंगाची कड धरून ओरडले. ओरडायची लाज वाटली नाही. सिस्टर माझा हात धरून उभ्या होत्या.

मग मॅडम देवमनवर घसरल्या. "कामाला लावलंत यांना? तीन आठवड्यांत?"

"मॅडम, तुमीच म्हनलं होतं. कापूस हलका असते म्हनून."

खरं तेच बोलला. मॅडमचा चेहरा पडला. मी पडल्या पडल्या म्हटलं, "सिस्टर, ती ओटी घ्या. बाहेर ठेवली हाय. मोजा."

"कशावर मोजू?"

"काहीबी आना. मोजा."

बाळंतिणींच्या खोलीत लेकरं मोजायचा काटा होता. सिस्टरने तोच आणला, वर ओटी ठेवली. साडेसहा किलो. मॅडमनी फडक्याची टोकं धरून ओटी उचलून पाहिली आणि विचारलं, "हे पोटावर बांधता? किती वेळ?"

"भरते तोवर. दिवसातून आठ-दहा डाव."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी मान वर नाई केली," मी म्हटलं. "आन मले सोतालेच मालूम नोतं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसल्या. चूक झाली म्हणाल्या, माझ्या तोंडावर म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पण त्याने टाके जुळत नाहीत, आणि माझा रागही जुळला नाही. त्यांनी नवीन कागद लिहिला. आजपासून पुन्हा सहा आठवडे. ओटी नाही, वेचणी नाही, गुंड नाही. चालणं मात्र बंद करायचं नाही. हळू, थांबत थांबत, आज या खोलीतून चौकापर्यंत जाल तेवढं पुरे.

हे सगळं ऐकून माझा नवरा, ज्याने चोवीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, तो माझ्या उघड्या पोटाशेजारी उभा राहून म्हणाला, "मंग कापूस कोन वेचन?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं होतं की मी किंचाळीन. पण आवाज अगदी शांत निघाला, आणि त्याच आवाजाची मला भीती वाटली.

"सिस्टर, पट्टी झाली का? मले उठवा."

बाहेर आलो. रांगेत पंधरा-वीस बाया बसल्या होत्या, अर्ध्या अधिक वावरातल्याच. देवमन ओटी बगलेत मारायला लागला.

"बगलेत नाई," मी म्हटलं. "बांधा."

"काय?"

"कमरेले बांधा. जिथं मी बांधली होती तिथं."

"शालू, लोकं पाहून राहिले."

"मले बांधलेलीबी लोकांनी पाह्यली. बांधा, नाई तं मी बांधते."

मी फडक्याला हात घातला तशी त्याने घाईने ओढून घेतली. गाठ त्याला मारता येईना. रांगेतली एक म्हातारी उठली, त्याच्या मागं गेली आणि सवयीच्या हाताने गाठ आवळून आपल्या जागेवर जाऊन बसली. बाकीच्या हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

आम्ही जठारपेठेच्या रस्त्याला लागलो. हुसेनभाई चौकात थांबले होते. चौक तसा जवळच, धडधाकट माणसाला पाच मिनिटांचा. दुकानदार बघत होते. पोटावर कापूस बांधलेला पुरुष, मागं पोट धरून चालणारी बाई. पहिल्या वळणावर त्याने दोन्ही हात ओटीखाली घातले. दुसऱ्यावर थांबला.

"अवं, कंबर धरली. जराशीक पाय उचल ना. लवकर पोचू."

"मले डॉक्टरनं हळू चालाले सांगतलं हाय," मी म्हटलं आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. "थांबत थांबत. तुमी बसू नोका. बसलं का उठता येत नाई त्या भारानं. उभेच राहा."

तो उभा राहिला. मी पुरेसा दम घेतला, मग आणखी थोडा घेतला.