आमचा जिल्हा लाल कसा झाला

सोमवारी सकाळी न्हाव्याने दुकानातल्या आरशावर नकाशा चिकटवला, आणि मंगळवारपर्यंत अख्ख्या गल्लीला गळ्यात गाठी सापडायला लागल्या.

नकाशा पेपरातला होता. राज्यातले सगळे जिल्हे, आणि गेल्या वर्षी लाख माणसांमागे कॅन्सरचे नवे पेशंट किती निघाले त्याप्रमाणे रंग. कमी तिथे पांढरा, मग पिवळा, नारिंगी, लाल. आणि एकच जिल्हा असा, की छापताना शाई सांडली असं वाटावं. तो आमचा. एकशे चव्वेचाळीस! राज्याची सरासरी पंच्याण्णव.

"बघ ठिणगे," न्हावी म्हणाला. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर, डोळे नकाशावर. "शेजारचा जिल्हा नारिंगी. पलीकडचा पिवळा. आणि हा डोंगरातला, पांढराशुभ्र. एकतीस फक्त! मी तर तिकडे प्लॉट बघतोय."

"आधी यांचा गाल बघा," मी म्हटलं.

ठिणगी हे माझं नाव नाही. पण गणिताच्या मास्तरांच्या टेबलावर पुस्तक आपटून मी शाळेबाहेर पडले, त्या दिवसापासून गल्लीला माझं दुसरं नाव आठवत नाही. आता मी आत्याच्या लॉजवर काम करते. नऊ खोल्या, समोरच्या वळणावर मोठं हॉस्पिटल, पाहुणे बहुतेक पेशंट. चादरी, चाव्या, चहा, सगळं माझ्याकडे.

तर नकाशा. एकाने मोबाइल खिशातून काढून पिशवीत ठेवला. बेकरीवालीने नॉनस्टिक तवा फेकला. मग कोणीतरी डोकं चालवलं, की सगळ्यांच्या घरात सारखं काय आहे? पाणी.

आणि पाणी माझ्या बाबांचं.

बाबा गावच्या टाकीवर आहेत, बावीस वर्षं. पहाटे साडेचारला पंप सुरू करायचा, पाण्यात औषध टाकायचं, बाटलीत पाणी धरून उजेडात बघायचं. माणसांशी कमी बोलतात, पंपाशी जास्त. बुधवारी सकाळी आमच्या दारात पाण्याची बाटली ठेवलेली होती, वर कागद चिकटवलेला, "तूच पी". दुपारी पाणी खात्याच्या साहेबांचा निरोप आला, शुक्रवारी सभेत टाकीचं ठरेल, तोवर टाकीवाल्यांनी कामावर येऊ नये.

"बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी! तोंड आहे ना तुम्हाला?"

"पाण्याचे रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आहेत. चांगले आहेत."

"कोणी वाचले?"

बाबांनी विचार केला. "टेबलाने," म्हणाले.

आई हसली, पण लगेच पदराने डोळे पुसायला लागली. बाबांनी नळ उघडला, धार बघितली, नळ बंद केला. परत उघडला. मला ते बघवेना. मी चपला घातल्या आणि तरातरा हॉस्पिटल गाठलं.

कॅन्सरची नोंद जिथे होते ती खोली तिसऱ्या मजल्यावर. तिथे एकच मॅडम, चष्मा केसांत खोचलेला आणि चष्मा शोधत असलेल्या.

"हा नकाशा तुम्ही काढला?"

"आकडे मी दिले. रंग पेपरवाल्यांनी दिला. मलाही जरा भडकच वाटला. माझा चष्मा दिसतोय का तुला?"

"डोक्यावर आहे. नकाशा खोटा आहे तुमचा! त्यापायी पाण्याला दोष देऊन टाकीवरच्या माझ्या बाबांना घरी बसवलंय!"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट बघितलं. "बस. ओरडलीस म्हणून एकशे चव्वेचाळीसचा एकशे त्रेचाळीस होणार नाही. तुमच्या जिल्ह्यात माणसं तीन लाख. नवे पेशंट चारशे बत्तीस. भागिले तीन. येतात ना एकशे चव्वेचाळीस?"

मी बोटांवर मोजलं. येत होते. मेले.

"आणि पाण्याने झालं, असं यात कुठे लिहिलंय?" मॅडम म्हणाल्या. "कुठे किती, एवढंच हा सांगतो. का, ते शोधायला वर्षं जातात. छोट्या जिल्ह्याच्या एका वर्षाच्या आकड्यावर इतकं नाचू नये, असं खाली बारीक अक्षरात दिलंय मी."

"ते न्हाव्याने कापलं. आरशात मावत नव्हतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

"पण मग एवढे पेशंट आमच्याकडेच का?"

"तेच मला कळत नाहीये. पेशंट ज्या जिल्ह्यात राहतो तिथे त्याची नोंद. पत्ता तो स्वतः सांगतो, खाली खिडकीवर. आता तो खरा की खोटा, हे मी तिसऱ्या मजल्यावरून कसं बघू?"

मी पाय आपटत खाली आले. तर खिडकीपुढे आमचेच चार नंबरच्या खोलीतले आजोबा. आदल्या संध्याकाळी एकटेच आले होते डोंगरातून, दोन गाड्या बदलून, खांद्यावर पोतं, पोत्यात कपडे. वर्षभराचा खोकला घेऊन.

"पत्ता?" खिडकीतल्याने विचारलं.

आजोबांनी खिशातून एक कार्ड काढलं, हात लांब करून धरलं आणि शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं, "गुलाबी दरवाजा, टाकीमागची गल्ली, बेकरीच्या वर. घंटी दोनदा वाजवा."

"माहितेय, माहितेय," खिडकीतला मान वर न करता म्हणाला. "घंटी नाही लिहीत आम्ही."

मी मान लांब करून बघितलं. कार्डाच्या कोपऱ्यात एक छोटं फूल काढलेलं होतं. मला ते फूल माहीत होतं, कारण ते मी काढलेलं होतं. कार्डही मीच लिहिलं होतं. तसली सगळी कार्डं मीच लिहिते. शाळेने मला दिलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे अक्षर.

त्या कार्डांची गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी आत्याकडे एक बाई उतरून गेल्या. त्यांच्या ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलने पत्राने कळवली, त्यांच्या डोंगरातल्या घरी. पत्र पोचलं तोवर तारीख होऊन आठ दिवस झाले होते. तेव्हापासून आत्याचा नियम. नवा पाहुणा आला, की चावीच्या आधी कार्ड. "हॉस्पिटलात पत्ता विचारला की हाच द्यायचा. पत्र माझ्याकडे येईल, मी फोन करीन." आणि ती करते. पत्रांसाठी बिस्किटांचा डबा ठेवलाय तिने, तो कधी रिकामा नसतो.

मी लॉजवर पोचले तेव्हा आत्या चादरींच्या घड्या घालत होती.

"आत्या, बाबांना कोणी घरी बसवलं माहितेय? तू आणि मी."

"उन्हात फिरून आलीस का गं?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली, मग चादरींच्या ढिगावर मटकन बसली.

"अगं पण पत्रं वेळेवर येतात की नाही?"

"पत्रं येतात. पण त्यांच्याबरोबर पेशंटही इथलेच होतात ना! नकाशावर सगळे आपल्या गल्लीत राहतात, बेकरीच्या वर!"

"माझा भाऊ..." ती एवढंच म्हणाली. दाराआड एक नवं खोकं होतं, पाणी गाळायच्या मशीनचं. माझी नजर तिकडे गेली तशी तिने पायानेच ते आत ढकललं.

"आत्या! तू पण?"

"पाहुण्यांसाठी गं ते."

"हो, पाहुण्यांसाठी. रजिस्टर दे गेल्या वर्षीचं."

पाहुण्यांचा खरा पत्ता त्यात असतो, तो लिहून घ्यावाच लागतो. आत्याने रजिस्टर छातीशी धरलं. "यात लोकांची दुखणी आहेत. एक नाव बाहेर जाणार नाही."

"नाव नको. तू फक्त जिल्हा वाच, मी रेघ मारते."

तिने चष्मा लावला आणि वाचायला लागली. सोबत आलेले नातेवाईक सोडायचे, दुसऱ्यांदा आलेले सोडायचे, या आधीच्या वर्षीच्या, या सोड. आत्याला सगळे आठवत होते, कोण किती साखर घ्यायचं तेसुद्धा. आजोबा हॉस्पिटलातून परत आले आणि आमच्याजवळ बाकावर टेकले. आत्याने त्यांचा जिल्हा वाचला की ते हात वर करून म्हणायचे, "हजर!"

मजा येत होती. "डोंगर." "हजर!" "सपाटीवरचा, दुसरा जिल्हा." "गैरहजर!" "डोंगर." "हजर! हजर!" आत्यासुद्धा पोट धरून हसली.

चाळीसच्या पुढे कधीतरी आजोबांनी हजर म्हणायचं सोडलं. नुसता हात वर करायचे. मग तोही नाही.

एकूण एकशे एकेचाळीस रेघा. त्यातल्या डोंगराच्या चौऱ्याहत्तर.

मी एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर गणित मांडलं. कोणी मास्तर बघत नव्हता म्हणून असेल, झटक्यात सुटलं. चारशे बत्तीसमधून एकशे एकेचाळीस गेले, राहिले दोनशे एक्याण्णव. भागिले तीन, सत्त्याण्णव. आणि डोंगरात माणसंच जेमतेम लाखभर. एकतीस आणि चौऱ्याहत्तर, एकशे पाच. पांढराशुभ्र जिल्हा आमच्या पुढे!

"आम्ही निरोगीच होतो," आजोबा म्हणाले. "तपासायला कोणी नाही, म्हणून कोणाला काही नाही. मी वर्षभर खोकलो, पण कॅन्सर मला इथे आल्यावर झाला, त्या खिडकीवर."

"आत्या, शुक्रवारी तू उभी राहून सांगायचं."

"मी? त्या सगळ्यांसमोर? आणि मग पत्रं पुन्हा डोंगरात जायला लागली तर? पुन्हा कोणाची तारीख चुकली तर? त्या बाईंसाठी नकाशा कोण काढणार आहे?"

न सुटणाऱ्या प्रश्नांचा मला राग येतो. गुरुवारी तो राग आणि ते कार्ड घेऊन मी परत तिसऱ्या मजल्यावर गेले. मॅडमनी दोन्ही नीट ऐकलं. मग गावोगावच्या डॉक्टरांनी पेशंटना इकडे पाठवताना दिलेल्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांत खरे पत्ते होते. दुपारपर्यंत एकेक चिठ्ठी लावून बघितली, आणि जेवायचा डबा तसाच बंद.

"तुझे एकशे एकेचाळीस बरोबर निघाले," त्या म्हणाल्या. "तू गणित का सोडलंस?"

"मी नाही, मास्तरांनी मला सोडलं. आणि पत्रांचं काय?"

"फॉर्मवर दोन ओळी करू. राहण्याचा पत्ता वेगळा, पत्र पाठवायचा वेगळा. माझी सही पुरेल तेवढ्याला. इतकी साधी गोष्ट सुचायला इतका गोंधळ व्हावा लागला, बघ."

शुक्रवारी सभेला खुर्च्या कमी पडल्या. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीखाली. न्हावी पुढे येऊन टाकी बंद करा, बंद करा म्हणून बोलत होता, जवळजवळ गात होता. मी दोनदा उठायला गेले, दोनदा आईने वेणी ओढून बसवलं.

मग आत्या उठली. फॉर्मवरच्या दोन ओळींचं मी तिला आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

"गुलाबी दरवाजा माझा," ती म्हणाली. "त्या चारशे बत्तीसमधले एकशे एकेचाळीस माझे पाहुणे. पत्रं चुकू नयेत म्हणून माझा पत्ता मी त्यांना द्यायला लावला. ते इथे आजारी पडले नाहीत. इथे बरे व्हायला आले. माझ्या भावाचंच पाणी पिऊन औषधं घेत होते. कोणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

न्हाव्याने हळूच विचारलं, "म्हणजे... आपल्याकडे कॅन्सर नाही?"

"आहे," मॅडम उठून म्हणाल्या. "लाखाला सत्त्याण्णव. सरासरीपेक्षा दोन जास्त. दोनसाठी टाकी बंद करू नका. त्यापेक्षा तोंडातली ती पुडी बंद करा."

न्हाव्याने तोंड बंद केलं. सभाभर आणखी पाच-सहा तोंडं बंद झाली.

साहेबांनी पाण्याचे रिपोर्ट मागवले. ते त्यांच्याच टेबलावर चहाच्या ट्रेखाली निघाले, पहिल्या पानावर कपाचे तीन गोल. साहेबांनी वाचले, घसा खाकरला. "ठीक आहे. टाकीवाल्यांनी उद्यापासून कामावर यावं."

"उद्यापासून?" बाबा उभे राहिले. "आजचं औषध कोण टाकणार?" आणि चप्पल ओढत निघालेसुद्धा.

पुढच्या सोमवारी मी रंगीत पेन्सिली घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेले. खुर्चीत डोंगराचे आजोबा, एका गालाला फेस. त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, तारखेचं पत्र डब्यात आलं होतं. आमच्या जिल्ह्याच्या लालाचं नारिंगी करता येईना, म्हणून मी वर पांढरा कागद चिकटवून त्यावर नारिंगी फासला. मग डोंगराचा जिल्हा दाबून दाबून लाल केला.

"माझा प्लॉट!" न्हावी ओरडला.

"घ्या की," आजोबा म्हणाले. "लाल दिसलो तर तपासायला कोणी येईल तरी. तुमच्या सोबतीने मीही खोकेन."

तेवढ्यात बाबा आले. हातात तीच बाटली, आमच्या दारातली, काठोकाठ भरलेली. वरचा कागद तसाच. मी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या दाढी-कटिंगच्या दरांच्या पाटीकडे. तोच "त", तीच शेपटी. अक्षर माझ्या नजरेतून सुटत नाही. कागद न्हाव्याचा आहे हे बाबांना मी बुधवारीच सांगितलं होतं; त्यांनी बाटली तेवढी जपून ठेवली होती.

ते सरळ पुढे गेले. बाटली आरशापुढे ठेवली, कागद न्हाव्याच्या बाजूला करून.

न्हाव्याने कागदाकडे बघितलं. मग बाबांकडे. मग बाटली उचलली आणि घटाघटा सगळी प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत, हनुवटीवरून ओघळ.

"गोड आहे," तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी रिकामी बाटली उजेडात धरून बघितली आणि खिशात घातली.

"झालं असेल," आजोबा म्हणाले, "तर माझा दुसरा गाल बघता का आता?"