कढीपत्त्याचा चोर

मुलानं हासनचं घर सोडायला लावलं, तेव्हा कढीपत्त्याची कुंडी मी बसमध्ये मांडीवर घेऊन बंगळुरूला आणली. हासनला शेजारची पुट्टम्मा न विचारता रोज पानं ओरबाडायची. "अगं मेले, झाडाला काही ठेवशील की नाही?" असं मी रोज ओरडायचे, तरी ते तरारलेलं असायचं. इथं नवव्या मजल्यावर पिवळं पडलं. आंबट ताक घातलं, उन्हात ठेवलं, पण छे! कढीपत्ता खुडला तरच फुटतो, आणि मी एकटी किती खुडणार?

मग कुंडी दाराबाहेर ठेवली. समोरची तिन्ही दारं बंदच. आठवडाभर कुणी पानाला हात लावला नाही.

एके सकाळी शेंडा खुडलेला दिसला.

"चंद्रू, चोरी झाली रे! इथंही माणसं राहतात म्हणायची!"

"मग घाल की शिव्या, अम्मा," ऑफिसला निघालेला चंद्रू हसला.

संध्याकाळी त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशातून कढीपत्त्याची सुकलेली डहाळी निघाली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक शेंडा गेला होता. चंद्रूच्या लिफ्टचं दार लागेपर्यंत मी मोठमोठ्यानं शिव्या घातल्या.