एकेचाळीस वर्षांची एम्मा

“फोटोत मागच्या रांगेत बघ, डावीकडून दुसरी. खाली खोटं नाव लिहिलेलं असलं तर तिथल्या तिथं सांग. घरी येऊन पत्रबित्र लिहीत बसू नकोस. पत्रं ती माणसं फार छान वाचतात, आणि तितकीच छान ठेवून देतात.”

आजी हे बोलली त्यानंतर दोन आठवड्यांनी, जानेवारीत, गेली. आता मे उजाडला होता, साल एकोणीसशे शहाऐंशी, आणि गेनर ब्रफ कॉलेजच्या बसमधून वेल्डरबी हॉल या लोकांना पाहायला खुल्या असलेल्या जुन्या जमीनदारी घराच्या दारात उतरत होती. सहल दिवसभराची होती. सकाळी हे घर, दुपारी बारा मैलांवरचं दुसरं, आणि दोन्हींच्या छतांवरच्या नक्षीवर एक निबंध. ऑल्डिस सरांनी बसमध्येच बजावलं होतं की जो एक घर चुकवेल, त्याला निबंधाचे गुण नाहीत.

छतं गेनरनं मान वर करकरून पाहिली, वहीत उतरवलीही. पण लक्ष होतं ते तळघरातल्या स्वयंपाकघराकडे. फोटो तिथं लावलाय, असं आजीच्या कानावर आलं होतं.

आजी या घरात कामाला लागली ती चौदाव्या वर्षी. पहिल्याच सकाळी मालकीणबाईंनी नाव विचारलं. केटुरा, ती म्हणाली. बायबलातलं नाव, आईबापांनी चॅपलमध्ये देवासमोर ठेवलेलं. बाई म्हणाल्या, मोलकरणीला एवढं मोठं नाव शोभत नाही. या जागेवरची मुलगी म्हणजे एम्मा. झालं, ती सहा वर्षं एम्मा होऊन राहिली. हाकेला ओ द्यायची, पण झोपताना गुडघे टेकले की सुरुवात ठरलेली: देवा, मी केटुरा. देवाचा उगाच घोटाळा नको, म्हणायची.

स्वयंपाकघर दाखवायला मिसेस ॲस्टबरी होत्या. निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून दोन दिवस इथं विनामोबदला येणाऱ्या. भिंतीवर फोटो होता, तीन रांगांत उभे-बसलेले नोकर. शेजारी सुबक अक्षरांतली पाटी: ‘विश्वासू एम्मा. या घराची एकेचाळीस वर्षं सेवा.’ बाई सांगू लागल्या. माळ्यावरच्या पेटीत त्यांना चादरींच्या मोजदादीची जुनी वही सापडली होती. दर वसंतात कोणी चादरी मोजल्या ते तीत लिहिलेलं, आणि अठराशे एकोणनव्वदपासून पुढे एकेचाळीस वर्षं दरवर्षी तेच एक नाव, एम्मा. लग्न नाही, संसार नाही, सगळा जन्म या घराला वाहिलेला. सांगताना बाईंचा आवाज जरा कापरा झाला. दोघीतिघी मुली हळहळल्या.

गेनर फोटोपाशी गेली. मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी. हनुवटी पुढे काढून उभी.

वर्गातली मैत्रीण मँडी तिच्या खांद्यावरून डोकावली. “अगं, ही तर तूच. कँटीनमध्ये चहा गार मिळाला की अशीच दिसतेस.”

पोरं हसली. गेनर हसली नाही. वळून म्हणाली, “बाई, ही पाटी खरी नाही.”

ऑल्डिस सर घड्याळाकडे बघत म्हणाले की प्रश्न नंतर विचारता येतील. ती जागची हलली नाही.

“प्रश्न नाही सर, सांगतेय. ही माझी आजी. केटुरा पेल. फोटो पंचवीस सालचा, धाकटे मालक एकवीस वर्षांचे झाले त्या दिवशीचा. एकोणनव्वदपासून कामावर असती तर तोवर केस पिकले असते. हिचं वय बघा.”

बाईंनी चष्मा सारखा केला. फोटोवर तारीख नव्हती, म्हणून तो एम्माच्या सुरुवातीच्या वर्षांतला असावा असं त्यांनी धरलं होतं. फोटोच्या मागे नावं आहेत ती नोकरांवर देखरेख करणाऱ्या कारभारणीच्या हातची, त्या हळूच म्हणाल्या. तिथं एम्माच लिहिलंय.

“लिहिणारच. त्या जागेवर जी येईल ती एम्मा. एक गेली की दुसरी, तेच नाव, तीच खाट, तोच ॲप्रन. बाई, एकेचाळीस वर्षं कुणी एक बाई नव्हती इथं. पाच-सहा पोरी होत्या. तुम्ही सगळ्यांची मिळून एक केलीत.”

सरांचे कान लाल झाले. मिस ब्रफ, आपण इथं पाहुणे आहोत, एवढंच ते म्हणाले आणि वर्गाला घेऊन जिन्याकडे निघाले. गेनर तिथंच उभी राहिली.

मिसेस ॲस्टबरींनी पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. ती त्यांनी स्वतः लिहिली होती. म्हणाल्या, “मी पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली. एक नाव चुकलं तर पोर आठवडाभर रुसायचं.” मग विचारलं, “बाकीच्या कोण होत्या गं?”

ते गेनरला ठाऊक नव्हतं. आजीच्या आधीची एम्मा मालकांच्या खोलीतली शेगडी आवाज न करता कशी पेटवायची ते शिकवून गेली होती. तिचं खरं नाव विचारायचं राहिलं, ही खंत आजीला शेवटपर्यंत होती.

“गावात नेल टिपिंग आहे,” बाई म्हणाल्या. “इथल्या धुणाघरात होती, दुसऱ्या महायुद्धापर्यंत. चर्चच्या मागं म्हाताऱ्यांची बसकी घरं आहेत ना, त्यातलं तिसरं दार. पंच्याऐंशीच्या पुढं गेलीय, पण डोकं शाबूत आहे. चारनंतर मात्र झोपते. तू नावं आणलीस तर ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन. नुसत्या तुझ्या शब्दावर नाही उतरवता येणार, बाळा. माझ्यावर हे घर चालवणारी समिती आहे.”

“आणीन,” गेनर म्हणाली. “सगळ्यांची.”

बाहेर बस सुरू झाली होती. मँडीनं दारातून हात केला. गेनरनं जवळ जाऊन सांगितलं की सरांना सांग, मी संध्याकाळच्या गाडीनं येईन. मँडीनं निबंधाची आठवण दिली. अशानं वर्ष जाईल, वेडे, म्हणाली. गेनर म्हणाली, जाऊ दे. ऑल्डिस सर पायरीवर आले, मिस ब्रफ म्हणून एकदा हाक मारली, थांबले, आणि दार लागलं.

बस वळणाआड गेली. गेनरनं वहीतलं नक्षीचं पान उलटलं. नव्या पानावर लिहिलं, केटुरा पेल. खाली आकडे घातले, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि समोरची जागा कोरी ठेवली. एक वाजला होता. वही काखेत मारून ती मेंढरांच्या कुरणातली पायवाट धरून चर्चच्या दिशेनं चालू लागली.