शापाचे दगड

सकाळपासून स्तामाता आणि तिची सून कानेला ऑलिव्हची झाडे झोडपत होत्या. दुपारी चर्चचा घंटावाला बांधावरून सांगत गेला, की रविवारी प्रार्थनेनंतर घरटी एकाने दगड घेऊन खळ्यावर यायचे. बिशपांची आज्ञा आहे. कानेलाच्या हातातली काठी थांबली.

१९१६ चा डिसेंबर होता. ग्रीसची दोन शकले झाली होती: इकडे राजा, उत्तरेत वेगळे सरकार मांडून बसलेला पुढारी. स्तामाताचा एकुलता एक मुलगा लाम्ब्रोस त्या उत्तरेच्या फौजेत गेला होता.

रविवारी खळ्यावर पाद्री सोतिरिस यांनी बिशपांचा कागद वाचला. तो पुढारी देवाचा वैरी, येशूला दगा देणाऱ्या जुदासचा वारस. त्याच्या हाडांना माती न मिळो. मग एकेक जण पुढे होऊन दगड टाकू लागला आणि शाप उच्चारू लागला. ढीग कमरेइतका झाला. स्तामातानेही भीतभीत दगड आणला होता.

“पाद्रीबाबा, या शापात माझा लाम्ब्रोस येतो का?”

पाद्रींनी मान वर केली नाही. “त्याच्या मागे गेले ते सगळे येतात. टाक आणि हो बाजूला.”

“मग मी नाही टाकत.”

दुसऱ्या दिवसापासून घाणेवाल्याने तिचे ऑलिव्ह घेणे बंद केले. विहिरीवर बायका गप्प होत. अंगणात दगड येऊन पडत. “आई, एक दगडच तर होता,” कानेला रडत म्हणाली. स्तामाता म्हणाली, आज दगड मागितला, उद्या पोराचे नाव टाकायला सांगतील.

ईस्टरच्या उपासात लाम्ब्रोस आघाडीवर मारला गेल्याची खबर आली. शापिताच्या नावाने प्रार्थना होणार नाही, असे पाद्रींनी कळवले. मृताच्या नावाने शिजवलेले गहू जो खाईल, त्याने मृतासाठी देवाकडे क्षमा मागायची, अशी रीत होती. तेव्हा स्तामाताने ते गहू शिजवले, त्यात डाळिंबाचे दाणे घातले आणि रविवारी वाडगा घेऊन ती चर्चच्या दारात उभी राहिली. प्रार्थना संपल्यावर माणसे अंग चोरून तिच्यापुढून अंगणात गेली. शेवटी पाद्री बाहेर आले.

“माझ्या हातात काही नाही, स्तामाता. वरून कागद आलाय.”

“त्याला बाप्तिस्मा दिलात, तेव्हा कुठला कागद आला होता?”

कानेला पुढे झाली. तिने मूठभर गहू तोंडात घातले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, “देव लाम्ब्रोसला क्षमा करो.”

चर्चच्या भरल्या अंगणात एकानेही ‘आमेन’ म्हटले नाही. देवाच्या नावाने शाप देताना याच गावाचा आवाज डोंगरापर्यंत गेला होता.