डावीकडेच वळणारी गाडी

मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी, आठ जणांची गाडी आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. नाहीतर तुमच्यापैकी एकानेही कधी माझी विचारपूस केलेली नाही, हे मी विसरलेले नाही. आज मी एका छोट्या खाजगी विद्यापीठाच्या स्वयंपाकघरामागे, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांशेजारी उभी आहे. माझ्या दोन चाकांत हवा नाही. छतावर कुणीतरी मोडकी बादली ठेवली आहे आणि ती पावसाने भरली की माझ्याच डोक्यावर उपडी होते. असो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे सगळ्या गाड्या सारख्याच होत्या. तरी मला वाटायचे की माझा रंग जरा जास्त उजळ आहे. या आवारात मला उतरवले तेव्हा कुलगुरू स्वतः बाहेर आले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि हात रुमालाला पुसला. हात पुसल्याचे मी तेव्हाच लक्षात ठेवले होते.

माझे काम ठरलेले होते. दर शनिवारी मुलांना घेऊन आईवडील विद्यापीठ बघायला येत, आणि मी त्यांना आवारातून फिरवत असे. मला चालवणाऱ्या वयस्कर ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. पुढे मामांच्या शेजारी मागे तोंड करून एक विद्यार्थी बसे आणि पाठ केलेली माहिती सांगे. ही सगळी व्यवस्था प्रवेश विभागाच्या बाईंची होती. मुले त्यांना मधाची बाटली म्हणत. येणाऱ्यांशी त्या इतक्या गोड बोलत की ऐकून माझे ब्रेक चिकट व्हायचे. मुलांशी बोलताना मात्र बाटलीचे बूच घट्ट बसलेले असे.

आता फेरी कशी चाले ते ऐका. मी फाटकातून निघाले की पहारेकरी फोन करी, "गाडी निघाली!" त्याबरोबर कारंजे सुरू होई. मग ग्रंथालय. तिथे पहिल्या वर्षाची मुले दहा ते एक बसवून ठेवलेली असत. त्यांनी उठायचे नाही, बोलायचे नाही, अधूनमधून पान उलटायचे. मग पाण्याच्या टाकीपाशी तिठा यायचा. तिथे मी डावीकडे वळायची. नेहमी डावीकडेच. पुढे वसतिगृहाची एकशे एक नंबरची खोली होती. एक पलंग, एक टेबल, एक कपाट, मोठी खिडकी आणि भिंतीला टेकवलेली गिटार. त्या खोलीत एकही मुलगी कधी राहिली नाही. गिटारला तारा पाचच होत्या. तिठ्यावरून उजवीकडे काय आहे ते मला आठ वर्षे माहीत नव्हते. मी विचारलेही नाही, कारण माझी सगळे स्तुती करत होते आणि स्तुती ऐकताना माझा मेंदू बंद पडतो. तुमचाही पडतो. उगाच मान हलवू नका.

मग कौतुक ओसरले. माझ्या सीटखाली सहा बॅटऱ्या आहेत आणि त्यांना शुद्ध पाणी लागते, नळाचे चालत नाही. मामा दर महिन्याला कार्यालयात पाणी मागायचे आणि कार्यालय म्हणायचे, "गाडी चालतेय ना? मग?" सीटची शिवण उसवली तर मधाच्या बाटलीने त्यावर जाहिरातीचे पत्रक ठेवायला सांगितले. मी भोळी, मला वाटले निदान पत्रक तरी नवे आहे.

त्या दिवसांत एक मुलगी शिकायला आली. तिला मी थोरली म्हणते, कारण तिच्या पाठची एक धाकटी होती. वडील नव्हते. आई शिवणकाम करायची आणि दुकान टाकून तिला यायला जमले नव्हते, म्हणून थोरली एकटीच पेटी घेऊन आली. पुढे कळले की तिच्या आईने तिला इथे पाठवण्यासाठी सगळ्या घराशी भांडण काढले होते. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "बाई, कुठल्या कोपऱ्यातल्या विद्यापीठात पोरीला घालतेस!" आणि आईने त्यांच्याशी बोलणेच टाकले होते.

पहिल्या वर्षाच्या मुलींना पाळीपाळीने शनिवारी सकाळी एकशे एकमध्ये चादर घालावी लागे. थोरलीची पाळी आली तेव्हा तिने काय केले माहीत आहे? त्या पलंगावर बसून स्वतःचा फोटो काढला आणि आईला पाठवला. खाली लिहिले, "माझी खोली." मी दारातच उभी होते. फोन लगेच वाजला आणि पलीकडून आई इतक्या आनंदाने ओरडली की मलाही ऐकू आले. त्यानंतर थोरलीला खरे सांगता येईना. एक फोटो झाला, मग दुसरा, मग गिटार हातात घेऊन तिसरा. मला तिचा राग यायचा. अजून येतो.

दुसऱ्या वर्षी मधाच्या बाटलीने तिला माहिती सांगायच्या कामाला लावले. ती फार छान बोलायची. तिला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची नावे तोंडपाठ होती, आणि त्यातले एकही तिने कधी सुरू केलेले नव्हते. शनिवार संपला की त्यांच्यावर खोळी चढत आणि दाराला कुलूप लागे.

ती तिसऱ्या वर्षाला असताना, एका शनिवारी, तिची आई आणि धाकटी आल्या. धाकटीला इथेच प्रवेश घ्यायचा होता. तिने फॉर्म भरून आणला होता आणि तो दुपारी एकच्या आत कार्यालयात द्यायचा होता. थोरली पांढरीफटक पडली. ती मधाच्या बाटलीला म्हणाली, "मॅडम, आज दुसऱ्या कुणाला पाठवा ना."

"अगं, उलट आज तूच हवीस," बाई म्हणाल्या. "मोठी शिकतेय आणि धाकटीही येतेय म्हटल्यावर बाकीच्यांचा विश्वास बसतो."

बाकीचे म्हणजे एक जाड भिंगांचा चष्मा लावलेले, खेकसून बोलणारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. आम्ही निघालो. कारंजे उडाले. ग्रंथालयात पाने उलटली. थोरली बोलत होती, पण आईकडे बघत नव्हती. आई गळ्यातली मापाची टेप काढायला विसरली होती आणि तिच्या मांडीवर एक कागदात गुंडाळलेले पुडके होते.

एकशे एकचे दार उघडले. आई उतरली, उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "अगं, ही तुझीच खोली!"

थोरली गिटार भिंतीला नीट टेकवू लागली.

"फोटोत तो पडदा बघितला आणि म्हटलं, याला दुमडसुद्धा घातलेली नाही, नुसत्या टाचण्या मारल्यात. माझ्या पोरीच्या खिडकीला असला पडदा?" आईने पुडके सोडले. आत निळ्या कापडाचे दोन पडदे होते. फोटोतल्या पलंगावरून तिने खिडकीचे माप काढले होते. ती स्टुलावर चढली आणि पडदे लावले. मापात एका बोटाचाही फरक नव्हता. ती खाली उतरून मागे सरकली आणि हसली. मी लोखंडाची आहे, तरी मला ते बघवेना.

चष्मेवाल्या गृहस्थांना कशाचेच कौतुक नव्हते. त्यांनी कपाटाचे दार ओढले. आतून कारंज्याचा जुना पाइप, चार झाडू आणि फरशी पुसायचे फडके बाहेर पडले. "इथे राहतं कोण? झाडू?" ते खेकसले.

आईने कपाटाकडे पाहिले, मग थोरलीकडे. तिचे हसू गेले. "तुझे कपडे कुठेत?" तिने विचारले. थोरलीने मान खाली घातली. आई पुन्हा स्टुलावर चढली, दोन्ही पडदे ओरबाडून काढले, बोळा करून काखेत मारले आणि येऊन माझ्या सीटवर बसली. धाकटी बहिणीला हळूच म्हणाली, "तो फोटो मी अभ्यासाच्या टेबलावर लावलाय गं." शिवी दिली असती तर बरे, असा तिचा आवाज होता.

परत येताना तिठा आला. थोरली म्हणाली, "मामा, पलीकडे घ्या. सरळ, उजव्या रस्त्याला."

मामांनी ब्रेक लावला. "पोरी, मला या वयात दुसरं काम कोण देणार?" ते म्हणाले. मग खाली उतरले. "माझी चहाची वेळ झाली. किल्ली गाडीत राहिली तर राहिली," म्हणाले, आणि मागे वळून न बघता निघून गेले.

थोरलीने मला त्या रस्त्याला घातले. मित्रांनो, तो रस्ता नव्हता, नुसते खड्डे होते. माझ्या बॅटऱ्या आधीच कोरड्या पडल्या होत्या. माझी आतडी पिळवटून निघत होती आणि मी प्रत्येक खड्ड्याला कार्यालयाचा उद्धार करत होते. पण पोहोचले. पत्र्याची लांबलचक इमारत होती. बाहेर एकाच नळापुढे बादल्यांची रांग होती. ज्या खोलीत दोघी मावल्या नसत्या तिथे सहाजणींचे पलंग एकावर एक लावले होते. थोरलीचा पलंग गळक्या पाइपाखाली होता आणि तिने वर प्लास्टिक बांधले होते. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

आई काखेत पडदे घेऊन दारात उभी राहिली. "तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मला मूर्ख बनवलंस."

"काय सांगणार होते?" थोरली ओरडली. "तू सगळ्यांशी भांडून बसली होतीस! मोठ्या काकूंना फोटो दाखवत फिरत होतीस! मी म्हटलं असतं, आई, काकूचं बरोबर होतं, तर चाललं असतं तुला?"

"नसतं चाललं!" आईही ओरडली. "येऊन घेऊन गेले असते तुला! आणि या धाकटीला? हिला आज या पत्र्यात घालणार होतीस?"

थोरली रडत म्हणाली, "म्हणून तर इकडे आणलं." आईने तिला जवळ घेतले नाही. तुम्हाला वाटले असेल घेतले असेल. नाही घेतले.

तिठ्यापर्यंत परत आले आणि तिथे माझा जीव गेला. तोंड उजव्या रस्त्याच्या मातीने भरलेले आणि मी बरोबर रस्त्याच्या मधोमध. पुढच्या फेरीची कुटुंबे कंटाळून चालत निघाली होती, ती भोवती जमली. चष्मेवाले गृहस्थ त्यांना हातवारे करून सगळे सांगू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचे खेकसणे गोड लागले. मधाची बाटली धावत आली. मी मुद्दाम बंद पडले असे पुढे चौकशीत लिहिले गेले. खोटे आहे. पाणी संपले होते. पण मुद्दाम पडले असते तर मला जास्त आवडले असते.

"हिने विद्यापीठाची बदनामी केलीय," बाई आईला म्हणाल्या. "आत्ता, सगळ्यांसमोर हिला माफी मागायला सांगा."

"हिला काय बोलायचं ते मी बोलेन, आमच्या घरी," आई म्हणाली. "तुमच्याकडून मला एक शब्द नको. तिचा निकाल अडवलात तर मात्र दर शनिवारी तुमच्या फाटकाशी येऊन बसेन. मशीन घेऊन."

आता फॉर्म राहिला होता. धाकटीने त्याची व्यवस्थित घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली. "हा त्या कपाटात ठेवा," ती म्हणाली. "झाडूंशेजारी जागा आहे."

त्या दिवशीच मला ढकलत इथे आणले. थोरलीचे काम गेले आणि मामांचेही. मामांचे ऐकून मला जे वाटले ते मी कुणाला सांगणार नाही. नवी गाडी आली. उजव्या रस्त्याच्या तोंडाशी झाडांच्या मोठ्या कुंड्या मांडल्या आहेत, म्हणजे तिकडे रस्ता आहे हेच कळू नये. त्या कुंड्यांना रोज पाणी घालतात.

थोरलीने राहिलेले वर्ष दात ओठ खात त्याच पत्र्यात काढले. निकाल लागला तेव्हा आई तिला न्यायला आली. थोरली पेटी आणायला गेली आणि आई माझ्या फाटक्या सीटवर बसून राहिली. बसल्या बसल्या तिची बोटे उसवलेल्या शिवणीवरून फिरली. "चार जागी उसवलंय," ती स्वतःशीच पुटपुटली. "एवढ्या मोठ्या विद्यापीठात कुणाला सुई मिळाली नाही?" मग पिशवीतून सुईदोरा काढला. निळ्या कापडाचा एक तुकडाही काढला. तो मी लगेच ओळखला. थोरली पेटी घेऊन आली तेव्हा तिने कापडाची दुसरी कड धरली. आईने ठिगळ लावले, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "चल. गाडी चुकेल." त्या गेल्या.

मित्रांनो, माझे बाकी सगळे गंजले, ते ठिगळ अजून पक्के आहे. माझ्यासारख्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना पाणी घालत जा, हे माझे पहिले सांगणे. दुसरे असे, की एखाद्या शनिवारी तुम्हीही आईचा हात धरून असल्या फेरीला जाल. कारंजे उडेल, कुणीतरी गोड बोलेल, आणि तुम्हाला एक सुंदर खोली दाखवतील. खिडकीकडे बघत बसू नका. कपाट उघडा.