सप्रेम भेट लिहिलेली कयाक

मित्रांनो, मखमलाबादच्या रस्त्याला एखाद्या पिकअपच्या डोक्यावर काहीतरी लांबोळकं, पिवळंधमक आणि दोन्ही टोकांना निमुळतं दिसलं, तर ती मी समजा. मी एक जुनी कयाक आहे, म्हणजे एकट्याने बसून वल्हवायची होडी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक काहीही विचारतात. ‘पाण्याची टाकी का?’ ‘मिरवणुकीतल्या देखाव्याचं काही का?’ एकदा सिग्नलला एका आजोबांनी मला पाहून चपला काढल्या आणि हात जोडले. ही कुणाची तरी अंत्ययात्राच आहे, असं त्यांना वाटलं. मला फार वाईट वाटलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे तापल्या साच्यात घालून मला इतकं फिरवलं, की अजूनही भोवरा दिसला की मला गरगरतं. तिथून मी गंगापूर धरणावरच्या एका क्लबात आले. सुरुवातीला माझा काय थाट होता! हौशी मंडळी माझ्यात बसून फोटो काढत आणि माझ्या रंगाचं कौतुक करत. वल्हं मात्र उलटं धरत. पुढे नव्या होड्या आल्या आणि माझी रवानगी शेडच्या मागे झाली. तिथे एक कोंबडी माझ्यात अंडी घालायची. ती तरी रोज यायची.

एके दिवशी सिंधुबाई आल्या आणि माझं नशीब पालटलं. त्यांची भाची सृष्टी कॉलेजात शिकते आणि इनायत सरांकडे कयाक चालवायला शिकते. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि प्रत्येकीने आपापली होडी आणायची होती. सृष्टीकडे होडी नव्हती. आत्यांनी मला घेतलं, कोंबडीला हुसकावलं आणि मला घरी न नेता थेट भांडी बाजारात नेलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय ती भेट पुरी होत नाही. पण नाव घालणारा मला बघून मागे सरला.

“मावशी, हे भांडं नाय.”

“हिच्यात पाणी राहतं का?” आत्यांनी विचारलं.

“राहील की.”

“मग भांडंच हाय. लिही.”

सुई थरथरत माझ्या आतल्या अंगावर फिरली. गुदगुल्यांनी माझा जीव अर्धा झाला. बसायच्या जागेमागे अक्षरं उमटली: ‘चि. सृष्टी खंडेराव काकड हिस आत्या सिंधुबाईकडून सप्रेम भेट. मखमलाबाद.’ सृष्टी लाजेने लालबुंद झाली. “आत्या, होडीवर कुणी सप्रेम भेट लिहितं का? पोरी हसतील मला!” आणि पोरी हसल्याच. पण आपल्यावर कुणाचं तरी नाव आहे, हे पहिल्यांदाच घडत होतं. मला मनापासून आनंद झाला.

सृष्टीचे वडील खंडेराव झेंडूची शेती करतात. त्यांच्या पिकअपवर एक लोखंडी कॅरिअर आहे. त्यावर ते मला सुतळीने बांधत. इनायत सर रोज कळवळून सांगत, “खंडेरावभाऊ, कुलूप लावा. असं बांधून ठेवाल तर एक दिवस हात हलवत घरी जाल.”

“सर, हे काय हाय तेच कुणाला कळंना. चोर तरी काय म्हनून नेईल?”

“चोराला कळायची काय गरज? उचलता आलं की बास.”

शेवटी खंडेराव पेटले. त्यांनी पोलादी केबल आणली आणि दुकानाच्या शटरला लावतात तसलं दणदणीत कुलूप आणलं. केबल माझ्या दोन्ही टोकांच्या मुठींतून ओवून कॅरिअरला आवळली. किल्ली हरवू नये म्हणून कमरेच्या करगोट्याला बांधली आणि करगोटा काही केल्या काढायचा नाही! त्यामुळे कुलूप उघडताना खंडेराव पिकअपवर चढत, सदरा वर करत आणि माझ्या कुशीला पोट लावून उभे राहत. धरणावरची सगळी मंडळी माना वळवून हसत. सर म्हणाले, “शाब्बास. आता कॅरिअरही गाडीला पक्कं करून घ्या.”

खंडेरावांनी मान डोलावली. पण मित्रांनो, फुलवाल्याची गाडी ती! बाजाराच्या दिवशी क्रेट उंच रचायचे म्हणजे कॅरिअर काढावं लागतं. म्हणून त्यांनी ते हाताने फिरतील अशा पंखवाल्या नटांवर बसवलं होतं. मी कॅरिअरला जखडलेली, आणि कॅरिअर कशाला? तर चार बोटांनी सुटणाऱ्या नटांना.

निवडीच्या आधीच्या रविवारी सराव झाला. रविवारची सकाळ आणि मिसळ चुकवायची म्हणजे नाशिकच्या माणसाला पाप लागतं. खंडेरावांनी गाडी मिसळीच्या दुकानाच्या मागच्या अंगाला लावली. “बाबा, आतून दिसणार नाही,” सृष्टी म्हणाली. “कुलूप हाय ना!” असं म्हणून ते पोरीला घेऊन आत गेले.

मग दोघेजण आले. एकाने कुलूप हातात तोललं. “केवढं कुलूप! माल भारी असनार.” दुसऱ्याने नट फिरवले. मला ओरडायचं होतं, पण कयाकीला बसायला जागा असते, बोलायला तोंड नसतं. खंडेरावांनी आत दुसरा पाव मागितला असेल, तोवर मी कॅरिअर आणि कुलपासकट टेम्पोत होते.

पुढचा प्रकार मला सृष्टीने नंतर वल्हवता वल्हवता सांगितला. चौकीवर विचारलं, काय गेलं? खंडेराव म्हणाले, होडी. कुठून गेली? मिसळीच्या दुकानामागून. हवालदारांनी पाणी मागवलं, खंडेरावांसाठी. घरी सृष्टी जेवली नाही. आत्यांनी भावाशी बोलणं सोडलं. आणि खंडेराव करगोट्याची किल्ली चाचपत ओट्यावर बसून राहिले.

इकडे माझे हाल कुत्रा खाईना. भंगारवाला म्हणाला, “कॅरिअर घेतो, हे पिवळं काढून आना.” चोरांनी कुलपावर करवत चालवली, ती मोडली. हातोडा मारला, तो एकाच्या अंगठ्यावर बसला. मग त्यांनी मला लाखोली वाहिली आणि दिंडोरीच्या अलीकडे कालव्याकडेला ढकलून दिलं. चोरांनीही नको म्हटलेली वस्तू! मित्रांनो, इतकी लाज मला कोंबडीच्या अंड्यांचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिमाजी नावाचे द्राक्षबागायतदार ट्रॅक्टरवरून चालले होते. ‘टाकलेलं दिसतंय’ म्हणत त्यांनी मला गोठ्यात नेलं. कॅरिअरची तिवई आयतीच होती. माझ्यात पाणी भरलं आणि मंजुळा नावाच्या म्हशीने त्यात तोंड घातलं. खरं सांगते, इतक्या मायेने मला कुणीच चाटलं नव्हतं. पण दिवस सरत होते, निवडीचा रविवार जवळ येत होता आणि माझा जीव धरणाकडे लागला होता. माझ्याविना पोरीचं काय होईल, या विचाराने ते पाणीही मला कडू लागे.

शनिवारी चिमाजींच्या पत्नी सगुणाबाई मला काथ्याने घासायला बसल्या. शेवाळ निघालं आणि त्यांचा हात थांबला.

“अवो, ही सप्रेम भेट हाय! आत्यानं भाचीला दिलीया.”

“टाकून दिली व्हती की.”

“सप्रेम भेट कोन टाकून देतं? नणंदेच्या लग्नात माझी कळशी दुसऱ्याकडं गेली व्हती. नावावरनंच परत आली ना? दुसऱ्याच्या नावाचं भांडं मी घरात ठेवायची नाय.”

“मंग मंजुळेनं कशात प्यायचं?”

“बादलीत पील. ट्रॅक्टर काढा सकाळी.”

सकाळी आम्ही मखमलाबादला पोहोचलो, तर घरी एकट्या सिंधुबाई. सृष्टी बापाबरोबर धरणावर गेली होती, नुसती बघायला. आत्यांनी मला पाहिलं, आतली अक्षरं पाहिली आणि डोळ्यांना पदर लावला. पुढच्या क्षणी त्या ट्रॉलीत चढून ओरडत होत्या, “हाना ट्रॅक्टर!”

आम्ही धरणावर शिरलो तेव्हा पंच नावं पुकारत होते. “सृष्टी काकड? होडी नाही ना?”

“हाय!” ट्रॉलीतून आत्या गरजल्या. “होडी हाय!”

खंडेराव धावत आले. कुलूप माझ्या अंगावर, किल्ली त्यांच्या कमरेला. सगळ्या पंचांसमोर ट्रॉलीत चढून त्यांनी सदरा वर केला आणि माझ्या कुशीला पोट लावलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. कुलूप खट्‌कन उघडलं. मला खांद्यावर घेऊन ते थेट पाण्याकडे निघाले.

माझ्या अंगाला मंजुळेचा वास येत होता, म्हणून शेजारच्या दोघी जरा अंतर राखूनच वल्हवत होत्या. त्याचा आम्हाला फायदाच झाला. संघात दोघी घ्यायच्या होत्या आणि आम्ही दुसऱ्या आलो.

आता चिमाजींच्या गोठ्यात एक नवीन टब आहे. त्यावर कोरलंय: ‘चि. मंजुळा हिस पिवळ्या कयाकीकडून सप्रेम भेट. मखमलाबाद.’ अर्थात आत्यांचंच काम.

मित्रांनो, आपली वस्तू कॅरिअरला बांधा, पण कॅरिअरही गाडीला जखडा. गाडी डोळ्यांपुढे लावा, घरी आल्यावर वस्तू आत घ्या आणि तिच्यावर आपलं नाव घाला, कुणी हसलं तरी. ‘हिला कोण नेतंय’ असं मात्र तिच्यासमोर म्हणू नका. तिला ते लागतं.

खंडेरावांनी पंखवाले नट कधीच काढून टाकले. मिसळ मात्र सुटली नाही. रविवारी ते पिकअप दुकानाच्या दारातच लावतात आणि बाहेर उभ्यानेच खातात, एका हातात ताट, दुसरा हात घास घेतला की परत माझ्यावर. रस्सा माझ्या अंगाला लागतो, पण तेवढं चालायचंच. परवा एकाने थांबून विचारलं, “काका, हे काय आहे हो? टाकी का?”

खंडेरावांनी घास गिळला. “माझ्या पोरीची होडी हाय,” ते म्हणाले. “लांबून बघा.”