बांबूचा बनियन आणि लाल पाणी

"आलं! लाल आलं!"

मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मागच्या रांगा खुर्च्यांवर चढल्या. मंडळाच्या हळदीकुंकवाला एवढी गर्दी कधी होत नाही. टेबलावर काचेचं भांडं, त्यात कोमट पाणी, चमचाभर पांढरा क्षार आणि कुणीतरी दिवसभर घातलेला बांबूचा बनियन. त्यातून गंजासारखा लाल रंग पाण्यात उतरत होता. शेजारच्या भांड्यात सुती बनियन होता, पाणी स्वच्छ.

"हे दिल्लीचं विष!" स्वतःला वेणुयोगी, म्हणजे बांबूचे योगी, म्हणवणारे नरसिंहजी गरजले. "फुप्फुसांत साचलेलं, रक्तात मुरलेलं. बांबू जमिनीतून पाणी खेचतो, तसा अंगातून टॉक्सिन खेचतो. क्वांटम शोषण! आणि हा सुती? बिल्कुल कंजूस. सगळं विष आतल्या आत ठेवतो."

लोक हसले. टाळ्या झाल्या.

पहिल्या रांगेतून माझे शेजारी पद्माकरकाका उठले. "माझी साखर रोज पाण्यात उतरतेय. पहिल्या दिवशी गडद लाल, आता फिकट गुलाबी. पंधरा दिवस इन्सुलिन बंद आहे!"

पुन्हा टाळ्या. मी नोएडात कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि बांबूचं कापड कसं होतं ते मला ठाऊक आहे. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून विरघळवतात आणि आम्लात त्याचं सूत ओढतात. शेवटी उरतो तो सेल्युलोज, लाकडाच्या लगद्यातून निघतो तसाच. कापड मऊ असतं, घाम चांगला टिपतं. साखर टिपत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी काकांच्या घरी गेले. कुमुदिनीकाकूंनी दार उघडलं आणि आतून वास आला. काकांच्या पायात बांबूचे मोजे होते.

"मोजा काढा, काका."

"अगं मृणाल, जखमेतलं विष खेचलं जातंय. नरसिंहजी म्हणाले, वास येणारच."

मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांनीही विश्वास ठेवला होता. त्यांनाही पाणी फिकट होताना दिसत होतं ना!

"कपडे कसे धुता?" मी विचारलं.

काकूंनी छापील कार्ड पुढे केलं. साबण वर्ज्य. फक्त नरसिंहजींचा शुद्धिक्षार. आणि पहिल्यांदा घालण्यापूर्वी, "महाराष्ट्राच्या थोर परंपरेनुसार", नव्या वस्त्राला आतून हळद लावून सावलीत वाळवावं. हळदीची पुडी सोबत.

"ते किती खूश झाले होते आपली पद्धत ऐकून," काकू म्हणाल्या. "आपण कोपऱ्याला बोट लावतो, ते म्हणाले सगळीकडे लावा. कापडच मातकट रंगाचं, दिसतही नाही."

"हळद लावलेला, पण न घातलेला एखादा आहे?"

"उद्यासाठी ठेवलाय. जुना विषाने भरला म्हणे."

मी तो भांड्यात टाकला, कोमट पाणी ओतलं, वर चमचाभर शुद्धिक्षार. पाणी लाल झालं.

"आता हे विष कुणाचं, काका? हा अजून कुणाच्याच अंगाला लागलेला नाही."

काका भांड्याकडे बघत राहिले. "कारखान्यात कुणीतरी..."

मी काकूंच्या स्वयंपाकघरातली हळद माझ्या सुती रुमालाला फासली आणि तो चिमूटभर शुद्धिक्षाराच्या पाण्यात बुडवला. लाल. मग त्यात अर्धं लिंबू पिळलं. पाणी फसफसलं आणि पिवळं झालं.

"शुद्धिक्षार म्हणजे धुण्याचा सोडा. सोड्यात हळद लाल होते, आम्लात परत पिवळी. दर धुण्याला हळद कमी होत जाते, म्हणून पाणी फिकटतं. पुरतं फिकटलं की कपडा भरला, नवा घ्या."

काकू खाली बसल्या. "साडीवर वरणाचा डाग पडला की साबणाने लाल होतो. चाळीस वर्षं बघतेय मी. माझ्याच हातांनी लावली गं हळद!"

"म्हणजे साखर?" काकांनी हळूच विचारलं.

मी त्यांच्या हाताच्या बोटाला सुई टोचली. त्यांच्याच साखर मोजायच्या यंत्राने चारशे बारा दाखवले.

कॅब बोलावून आम्ही थेट हॉस्पिटलात गेलो. पायाचं ते बोट कापावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता.

पुढच्या रविवारी नरसिंहजी पुन्हा हॉलमध्ये आले. त्यांनी भांडं मांडलं, तोच कुमुदिनीकाकू उठल्या. त्यांनी पिशवीतून हळद लावलेला कोरा टॉवेल काढला, भांड्यात टाकला आणि शेजारी पडलेला क्षार मूठभर ओतला. लाल.

"बोला महाराज. टॉवेलला कुठला आजार?"

"माताजी, श्रद्धा नसेल तर वस्त्र उलटं वागतं..."

"वस्त्र नाही हो, तुम्ही वागलात. आमचे हे पायाचं बोट गमावून बसलेत घरी."

नरसिंहजींनी "मेरी गाडी खडी है" म्हणत सामान आवरलं. तरी मागून एक गृहस्थ पुटपुटले, "पण मला तर फ्रेश वाटत होतं यार!" आदल्या रविवारी टाळ्या वाजवणारे हेच शिकलेले हात होते. ठगाइतकीच किळस मला त्या टाळ्यांची आली.

बांबूचं कापड जरूर घाला. सौम्य साबणाने थंड पाण्यात धुवा, पिळू नका, कारण ओलं झालं की ते कमजोर होतं. त्याची काळजी एवढीच. ते औषध नाही. आणि अंगातलं विष कपड्यात उतरवून दाखवणारा कुणी भेटला, तर त्याला एवढंच सांगा: हाच प्रयोग आमच्यासमोर, तशाच तयार केलेल्या पण न घातलेल्या कपड्यावर करा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपलं औषध थांबवू नका.